शेपटाखालचं टोपलं

प्रिय वैजयंती,

‘प्रिय’ लिहावं की नाही यातच पहिला कागद चुरगाळला. आता लिहिलंय तर राहू दे. हे पत्र तुला हळद लागायच्या आधी मिळायला हवं, म्हणून बजाबाई आत्यांच्या हाती देतोय. फोन केला असता, पण लग्नाच्या गडबडीत तुझा फोन दिग्विजयच्या खिशात असतो, आणि त्यानं माझा आवाज ऐकला की पुढचं काही तुझ्यापर्यंत पोचत नाही. पत्र आपल्याबद्दल नाही, पिवळीबद्दल आहे. अक्षता पडताना तुझा हाच भाऊ पिवळी उडवून तुम्हा दोघांवर वरनं फुलं टाकणार आहे. ती पडेल. ‘पडू शकते’ असं मी लिहीत नाही. आपण दोघांनी बनवलेलं विमान आहे ते. त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे जगात दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातली एक त्याच्या बरोबर खाली अंतरपाटाशी उभी असणार आहे.

मला कळलं कसं ते सांगतो. मी सध्या अक्कलकोट रोडला एका दुकानात फवारणीचे ड्रोन दुरुस्त करतो. आत्यांच्या डाळिंबाच्या बागेवर आमचाच ड्रोन जातो, हे पत्रही त्याच फेरीत देईन. आहेराची लुगडी घ्यायला त्या कुर्डुवाडीहून आल्या होत्या, पाय दुखले म्हणून दुकानात चहाला टेकल्या. मी तुझा कोण होतो हे त्यांना ठाऊक नाही, वैजीच्या कॉलेजातला पोरगा एवढीच ओळख. कौतुकानं त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. ‘बघ की रं मल्लिनाथ, आमच्या दिग्यानं काय लई भारी केलंय. शेपटाखाली टोपलं बांधलंय. अर्धी पाटी झेंडू मावतोय त्यात.’ व्हिडिओत तुमचं खळं होतं, पिवळी होती, तिचं शेपूट धरून तुझे दोन चुलत भाऊ बसले होते आणि दिग्विजयच्या हातात नवाकोरा रिमोट होता. त्यानं पंखा सुरू केला, जोरात केला, मग रिमोट बंद केला. पंखा थांबला नाही. घोंघावतच राहिला. पोरं मातीतनं ओढली जात होती आणि हसत होती, ‘आरं, थांबंना की हे.’ शेवटी कुणीतरी बॅटरी उपटली. आत्या म्हणाल्या, ‘रिमोट बंद केला तरी चालतंय बघ. केवढी ताकद हाय.’ मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. त्यांना वाटलं, मलाही कौतुक वाटलं.

एवढं वाचून तुला कळलं असेल. सिग्नल तुटला तर काय करायचं, हे विमानाला आधीच शिकवून ठेवावं लागतं. पंखा बंद, पाती सरळ, आणि मुकाट्यानं खाली घसरत यायचं. पुस्तकात त्याला इंग्रजी नाव होतं, तू त्याला ‘शहाणपण’ म्हणायचीस. दर वेळी विचारायचीस, ‘शहाणपण भरलंस का तिच्यात?’ आणि मी चिडून म्हणायचो, ‘तिच्यात भरलंय, माझं सांगत न्हाय.’ नवा रिमोट जोडला की जुनं शहाणपण गेलं, परत भरावं लागतं. दिग्विजयनं ते भरलेलं नाही. त्याला ते असतं हेच माहीत नाही. तुमच्या वस्तीवर शेकडो फोन येणार, डीजेची गाडी लागणार, मध्ये पाण्याची टाकी. सिग्नल तुटायला आणखी काय लागतं? आणि तुटला, तर पंखा जोरात फिरत असलेली पिवळी बिनधन्याची माणसांत शिरेल. तो पंखा बोट तोडतो. माझ्या अंगठ्यावरची खूण तू बघितली आहेस, ती तर नुसत्या कडेनं झालेली.

टोपल्याचं त्याहून वाईट. तुझी दोन बोटं आठव. पंखांखाली दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावून तू पिवळीचा तोल बघायचीस, कारण मला तेवढा धीर नव्हता. तुझ्या बोटांवर ती पाण्यावरच्या पानासारखी स्थिर व्हायची, नाक जरासं खाली. तेव्हाच तू मान डोलवायचीस. आता तिच्या शेपटाला ओला झेंडू बांधलाय. उडवल्याबरोबर नाक वर जाईल, वेग मरेल आणि ती दगडासारखी येईल. वरून दुपारचा मुहूर्त, वैशाखातलं ऊन, माळावर वावटळी. दिग्विजयनं स्टेजपुढचं छत मुद्दाम उघडं ठेवायला लावलंय म्हणे, फुलं नीट पडावीत म्हणून. म्हणजे मांडवाचं कापडही आडवं येणार नाही.

मी त्याला फोन केला होता. आव्वा बाजूलाच जोंधळा निवडत होती, आईच्या धास्तीनं आधीच म्हणाली, ‘ब्याडप्पा, नको रे बाबा, त्यांच्या लग्नात तू तोंड घालू नको.’ कधी नव्हे ते मी गोड बोलायचं ठरवलं. दोन वाक्यं जमली. मग तो म्हणाला, ‘मल्ल्या, जळतंय व्हय?’ पुढं मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही फोन आपटला असता. त्यानं आपटला नाही. हसला आणि म्हणाला, ‘एवढी काळजी हाय तर तूच ये की. तूच उडव. पंगतीला बस, जेवून जा.’ चेष्टेत म्हणाला, पण मागं लागलो असतो तर खरंच बोलावलं असतं, तसा मनानं तो वाईट नाही.

आणि वैजू, मी हो म्हणणार होतो. टोपलं पोटाखाली घेतलं असतं, शहाणपण भरलं असतं, सकाळच्या थंड हवेत दोनदा उडवून बघितली असती. तुला शालूत बघितलं असतं. तुझ्या डोक्यावर फुलं माझ्या हातानं पडली असती. दिवसभर ते चित्र डोळ्यांपुढं होतं, एका ड्रोनच्या तारा मी उलट्या जोडल्या. मग आपली पहिली अट आठवली, जी तूच घातली होतीस, होटगीच्या माळावर, पहिल्या दिवशी, पिवळी चादरीतनं बाहेर काढायच्याही आधी. माणसांच्या डोक्यावरनं न्हाय. किती का चांगला उडवणारा असेना. आता तर त्या माळावर मी कुणालाच उडवू देत नाही, पलीकडं खरी विमानं उतरायला लागली आहेत. मग तुझ्या लग्नात ती अट मोडायला मी कोण? खाली लहान पोरं असतील, म्हाताऱ्या असतील, तू असशील. संध्याकाळी परत फोन करून मी दिग्विजयला नाही म्हणालो. ‘मग गप बस,’ तो म्हणाला, आणि ठेवला.

त्यानंतर थोडा वेळ मला वाटलं, पडू दे. खोटं कशाला लिहू. पडू दे, फजिती होऊ दे, सगळ्यांना कळू दे मल्लिनाथ काय सांगत होता. पुढच्याच क्षणी पिवळी कुणावर पडतेय ते दिसलं आणि मी कागद शोधायला उठलो.

याच अटीपायी माझं कॉलेज सुटलं, हे तू विसरली नसशील. तो वरच्या वर्गातला पोरगा क्रिकेट खेळणाऱ्यांवरनं विमान काढत होता. मी ते उतरू दिलं, मग त्याची कॉलर धरली. उतरू दिलं, हे तेव्हा कुणीच ध्यानात घेतलं नाही. प्राचार्य माफीचं लिहून दे म्हणाले. तूही म्हणालीस, ‘दे की दोन ओळी, हात झिजतील का?’ मी दिल्या नाहीत. ज्याचं चुकलं तो हिंडतोय आणि मी माफी मागू? आजही मागणार नाही. पण त्या दोन ओळींच्या बदल्यात काय काय गेलं ते आता रोज दिसतं. तुझ्या आप्पांपुढं ‘पोरगा इंजिनियर होतोय’ एवढं एक वाक्य ठेवायला होतं, तेही मी ठेवलं नाही. माझाही सिग्नल तुटला आणि पंखा चालूच राहिला.

तुला आपली टप्पा बघायची पद्धत आठवते का? रिमोटचा जोर कमी करून, विमान कुठवर ऐकतं ते उडवायच्या आधी बघायचं. तू पिवळीला छातीशी धरून उभी राहायचीस. मी तुझ्याकडं पाठ करून चालत जायचो, रिमोटवरची काठी हलवत. शेपटीचं पातं हलतंय तोवर तू ओरडायचीस, ‘हाय… हाय… हाय…’ आमच्याकडं त्याला काय म्हणतात ते विचारून एकदा तू कानडीत ओरडायला शिकलीस, पण वाऱ्यात तुझं ‘हाय’च नीट पोचायचं. पातं थांबलं की ‘न्हाय’. मी जागच्या जागी थांबायचो. एकदाही तुझ्या ‘न्हाय’पुढं एक पाऊल टाकलं नाही. मी, ज्यानं प्राचार्यांचं ऐकलं नाही. कॉलेज सोडलं त्या दिवशी एसटी स्टँडवर पिवळी चादरीत गुंडाळून तुझ्या हातात दिली आणि तसाच पाठ करून चालत निघालो. कान मागं होते. तू काहीच ओरडली नाहीस. ना हाय, ना न्हाय.

आता मुद्द्याचं. पिवळीचा पंखा एका नटावर आहे, तो तू हातानं काढू शकतेस. काढ आणि तुझ्या पेटीत टाक. मग पिवळीला रुखवतात ठेव. हसू नकोस. शेवयांची ताटं, विणलेली तोरणं, मण्यांचा नारळ असं सगळं मांडतील ना, त्यात मधोमध पिवळी मांड. नवरीनं स्वतःच्या हातानं बनवलेलं विमान. फोम तू कापलास, बांबूच्या काड्या तू बसवल्यास, ती पिवळी पट्टी तू एक सुरकुती न पाडता लावलीस. तुमच्या अख्ख्या करमाळ्यात असं रुखवत कुणी बघितलं नसेल. टोपलंही राहू दे शेपटाखाली, झेंडू भरून. दिग्विजयला उभं करा शेजारी, फोटो काढू देत. त्याची मान खाली जायला नको. त्यानं टोपलं मनापासून बांधलंय, बहिणीसाठीच बांधलंय. माझं नाव मात्र घेऊ नकोस. मल्ल्यानं सांगितलं म्हणालीस तर तो ती मुद्दाम उडवेल.

तरी त्यानं पंखा मागितला, आप्पा म्हणाले पोराचा हट्ट आहे, पाहुणे म्हणाले उडवा की, तर तुला सगळ्यांदेखत एक शब्द बोलावा लागेल. नवरीनं त्या दिवशी बोललेलं कुणी मोडत नाही. वाऱ्यात ओरडायचीस तसाच, मोठ्यानं, ‘न्हाय’. लग्नानंतर आत्या पुढच्या फवारणीचं ठरवायला दुकानात येणार आहेत. पिवळीचं काय झालं ते मी विचारीन, आणि तू ‘न्हाय’ म्हणालीस असं त्यांच्या तोंडून ऐकीन. खरं सांगतो, पत्र पिवळीसाठी लिहायला बसलो, पण याच्यासाठीही लिहितोय. स्टँडवर तू तो शब्द म्हणाली नाहीस, म्हणून मी अजून पाठ करून चालतोच आहे, काठी हलवत, कान मागं ठेवून. तू तो एकदा म्हण. पिवळीला म्हण, मला पोचेल. मग मीही जागच्या जागी थांबतो, पहिल्यासारखा.

तुझाच, अजून टप्प्यात असलेला,
मल्लिनाथ