आण्णा, छज्ज्याखालचं पोळं

आण्णा, स्वयंपाकघराच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी परत पोळं केलंय. वाटीएवढं, करडं, कागदासारखं. काल शेजारचे काका काठीला चिंधी बांधून आले. "पेटवून टाकतो की, दोन मिनटांचं काम हाय," म्हणाले. मी अशी ओरडले की काठी तिथंच टाकून गेले. गल्लीत मला आता डोक्यावर पडलेली म्हणत असतील. म्हणू देत. तुमच्यामागं या माश्यांबद्दल मी बरंच विचारलं, वाचलं. त्या उगीच कुणाच्या वाटेला जात नाहीत, कढीलिंबावरच्या अळ्या उचलून पिल्लांना भरवतात. पोळ्याला धक्का लागला, जाळ दिसला, की मात्र सगळ्या मिळून तुटून पडतात. नको असेल तर दोन-चार कप्प्यांचं असतानाच काढायचं, वाढलं तर माहीतगार माणूस बोलवायचा. मी उद्या एकाला बोलावलंय.

तुमच्याकडे सगळ्यावर एकच औषध. सातवीत असताना मी डबा घेऊन उद्यमनगरात तुमच्या वर्कशॉपात आले आणि दारातच मनगटाला माशी चावली. तुम्ही मशीन बंद न करता एका हातानं पाना पुढं केलात. "लोखंड घास त्यावर. रडायला काय झालं?" कामगार हसतायत, मी घासतेय, डोळ्यांतलं पाणी गिळतेय. खरं सांगते, त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तो रविवार. आई जयसिंगपूरला मावशीकडे गेलेली. भर उन्हात तुम्ही शिडीवर, हातात पेटता बोळा. मानेवर तीन ठिकाणी चावल्या. आदल्या वर्षी एकाच माशीनं तुमच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी पाना आणला, चुना लावला आणि घासत बसले. तुमचे ओठ सुजले, आवाज बसला, मी घासतेच आहे. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. "लोखंडानं काही होत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "अंगावर उठायला लागलं की तडक आणायचं, इंजेक्शन असतं. का नाही आणलं?" मी म्हणाले, ते यायलाच तयार नव्हते.

भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही मी तेच सांगितलं. तुमचा हट्ट सगळ्यांना माहीत, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आई अजून तुमच्या फोटोला हार घालताना चिडते. "ऐकायचं न्हाई म्हंजे न्हाई, जीव गेला तरी!" मी शेजारी उभी राहून हाराचं टोक धरून देते.

हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत फाडणार आहे. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, "रिक्षा बोलीव गं, दम घेता येईना." मी ऐकलं होतं, आण्णा. "गप्प बसा जरा," म्हणाले, आणि तुम्ही गप्प बसलात, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं.