उजवा गुडघा

१७ ऑक्टोबर १९८३
खोटं बोललो. दुखतेय जांघ, सांगितलं गुडघा! दवाखान्यात व्यायाम करून घ्यायला बाई असेल असं कुणी सांगितलं होतं? केसपेपर घेऊन समोर उभी — "कुठं दुखतंय, देवराम?"
"गुडघा. उजवा."
झालं.
सगळे तिला वत्सलाताई म्हणतात. मी काहीच म्हणत नाही.

२१ ऑक्टोबर
गुडघ्याला शेक. मग दोन्ही गुडघ्यांत उशी धरून दहा म्हणेपर्यंत दाबायची. जांघेत कळ येते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघते. मी छताकडे.
आमचे कोच खंडेराव — "उशा कसल्या दाबतोस? अंगात ताकद नाही तुझ्या!" ताकदीच्या गोळ्या दिल्या, पावडरीचा डबा दिला. लघवी पिवळीधमक. दुखणं तिथंच.

२८ ऑक्टोबर
वीस नोव्हेंबरला सातपूरच्या कारखान्याच्या कबड्डी संघाची निवड. घेतलं तर नोकरी. कॉलेज सोडलं तेव्हा वडिलांना, दादांना, तोंडावर सांगितलंय — "खेळावर पोट भरीन." तेव्हापासून ते बोललेले नाहीत.
नोकरी लागली की वत्सलेला मागणी घालायची. ठरलं. तिला पत्ता नाही.

३ नोव्हेंबर
कळ कमी आहे. खंडेराव म्हणतात पावडर लागू पडली. असेल.

९ नोव्हेंबर
"नक्की गुडघाच ना?" तिसऱ्यांदा विचारलं, तेही सगळ्यांदेखत. डोकं फिरलं. उशी भिंतीवर फेकली. "मी काय खोटं बोलतोय?"
"उद्या या," म्हणाली. "शांतपणे बोलू."
थुंकायलाही जाणार नाही तिथं. खंडेराव खूश. गोळ्या दुप्पट.

१० नोव्हेंबर
गेलो नाही.

२० नोव्हेंबर
पहिलीच चढाई. कोपऱ्यातल्याला शिवायला पाय लांबवला आणि जांघेत टर्रकन काहीतरी फाटलं. पडलो. पंच धावत आले, "काय झालं?"
"गुडघा," म्हणालो. तेव्हाही!
यादीत नाव नाही. काही वाटत नाही. घरी येऊन जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

१ डिसेंबर
दादा बोलले. "लंगडतोस." एवढंच.

५ डिसेंबर
दवाखान्यात जाऊन आलो. वत्सला नाही. लग्न झालं, चांदवडला गेली. शिपाई मंगळूने माझा केसपेपर शोधून दिला. अक्षर तिचंच.
१७ ऑक्टोबर — उजवी जांघ. गुडघा सांगतो, लाजतो. व्यायाम जांघेचेच देणे.
९ नोव्हेंबर — फरक पडतोय. अजून महिनाभर खेळू नये. उद्या बाजूला घेऊन सांगणे.
१० नोव्हेंबर — आला नाही.