बारा मीटरचं वेटोळं

३ नोव्हें.
नवी मशीन आजपासून जसप्रीतच्या ताब्यात. कंपनीत येऊन चार महिने झालेत तिला. सोढीसाहेब म्हणतात, "मोरे जी, आप तो कान से ढूँढ लेते हो. मशीन बच्चों को चलाने दो." बत्तीस वर्षांची बाई, बच्चा म्हणे. एअर फोर्समधून रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं मी जमिनीखालच्या केबलींचे फॉल्ट शोधतोय. केबलला झटका द्यायचा, वर हेडफोन लावून धप आवाज कुठं येतो ते ऐकत फिरायचं. अख्ख्या चंदीगडात माझ्या कानाचं नाव आहे. जळफळाट झाला. इथं तरी खरं लिहितो.

५ नोव्हें.
सेक्टर ३४, कोचिंग क्लासबाहेर. ज.नं मशीन लावली, अर्ध्या तासात फॉल्ट किती मीटरवर त्याचा आकडा, खणलं तर तिथंच. मी गळ्यात हेडफोन अडकवून नुसता उभा. घरी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. सुनीता म्हणे, "अहो, चार महिने झाले की."

८ नोव्हें.
मुल्लानपूरची नवी सोसायटी. पाण्याच्या मोटारीची केबल गेली. आतलं इन्सुलेशन भिजलंय, झटका देऊनही आवाज उठत नाही. माझा कान बाद. मशीन म्हणाली ४१० मीटर. ज.नं टेपनं मोजून ४१० वर चुना टाकला.

मला माहीत होतं. केबल टाकताना मी होतो तिथं. वाटेतल्या जोडापाशी बारा मीटर केबल वेटोळं करून पुरलीय, पुढं दुरुस्तीला लागेल म्हणून. मशीन वेटोळंही मोजते, टेप मोजत नाही. म्हणजे फॉल्ट बारा मीटर अलीकडं. नकाशात हे नाही. माझ्या तेव्हाच्या डायरीत आहे.

मूग गिळून बसलो. एक खड्डा चुकू दे तिचा, म्हटलं.

९ नोव्हें.
एक नाही, तीन. नव्या फरश्या उखडल्या. टँकरपाशी बादल्यांची रांग. एक म्हातारी ज.ला म्हणाली, "पुत्तर, कल दा पाणी नहीं आया." साहेबांनी ज.ला सगळ्यांदेखत झापलं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

दुपारी हेडफोन चढवला. डोळे मिटून चाललो, ३९८ वर थांबलो. "यहाँ है." ऐकू कसलं येतंय, डोंबल. खणलं, निघालं. साहेब म्हणाले, "कान है कि रडार." संध्याकाळी नळाला पाणी. घरी जिलेबी नेली.

१२ नोव्हें.
ज. विचारत होती, "सर जी, सच में सुनाई दिया? मैंने भी लगाया था, कुछ नहीं था."
म्हटलं, सवयीनं येतं.

१५ नोव्हें.
ज. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आली. कान उत्तम, काही दोष नाही. तरी म्हणते, "फिर कमी मुझमें ही है." साहेबांना सांगून ऑफिसातलं काम मागून घेतलं. मशीन माझ्याकडं आली. हेच हवं होतं ना? दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सुनीता विचारते, तब्येत बरी आहे ना.

१९ नोव्हें.
साहेबांनी ज.ला जुन्या केबलींचे नकाशे करायला बसवलंय. तिचा फोन, स्पीकरवर. "सर जी, सुना है आप सब डायरी में लिखते हो. दे दोगे? उसी से सीखूँगी." मी काही म्हणायच्या आत सुनीता शेजारून, "आ जाओ बेटा, सब ले जाओ." उद्या संध्याकाळी सहाला येते म्हणाली.

२० नोव्हें.
सकाळपासून ते पान उघडून बसलोय. "जोडापाशी १२ मी. वेटोळं." माझंच अक्षर, खाली दोन रेघा. वाचलं की तिला एका मिनिटात कळेल. हुशार आहे ती, तेच तर दुखतं.

फाडावं म्हटलं, तर पाठीमागं पुढच्या गल्लीतला जोड लिहिलाय. तो दुसरीकडं कुठंच नाही. उतरवून घेता येईल, पण पान कुठं गेलं हे ती विचारणारच. आपणच सांगून टाकावं, तर सुरुवात कुठून करू? खड्ड्यापासून की डॉक्टरपासून...

सुनीतानं डायऱ्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्यात. एक कमी आहे हे तिच्या लक्षात नाही आलं. वाटेत झिरकपूरला आज ट्रॅफिक असेल, उशीर होईल, अशी आशा.

पावणेसहा. खाली स्कूटी थांबली. हे मात्र मला ऐकू आलं.