सकाळच्या गाडीला बारा माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी बंद करणार म्हणे! संध्याकाळी उतरताना कंडक्टर हळूच म्हणाला, "बाई, वरून कागद आलाय. बुधवारपासून पंधरा दिवस मोजणी. रोज बारा प्रवासी दिसले नाहीत तर तुमचा थांबा रद्द." गावात माणसं अठ्ठावन्न, त्यातली निम्मी काठी टेकत चालणारी. बारा कुठून आणू?

यांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. गाडी एकच — सकाळी शहरात नेते, संध्याकाळी परत आणते. ती गेली तर हे गेले. लिहून टाकलं एकदाचं.

४ नोव्हेंबर

मुलांअभावी शाळा बंद झाली तेव्हा शेवटचा हजेरीपट मी घरी आणला होता. आज त्यात म्हातारे भरले! घरोघरी फिरून पाळ्या लावून दिल्या. शहरात काम असो-नसो, सकाळी गाडीत बसायचं, पहिल्याच थांब्याला, फाट्यावर उतरायचं आणि चालत घरी यायचं. तासाभराची वाट. बिनकामाचं संध्याकाळपर्यंत कोण ताटकळणार?

गिरणीवाला म्हणाला, "बाई, आणि संध्याकाळच्या गाडीचं काय?" म्हटलं, "तू तुझं पीठ दळ. चढणारे मोजतात, उतरणारे नाही." वर्ग गप्प करायची सवय जाता जात नाही.

५ नोव्हेंबर

चौदा!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आम्हा दोघांना धरून पंधरा. गाडीतच हजेरी घेतली. बोळक्या तोंडाचा न्हावी बाकावरून उठून "हजर, बाई!" म्हणाला तेव्हा ड्रायव्हरसुद्धा हसून बेजार. फाट्यावर सगळे उतरले, आम्ही दोघंच उरलो. हे खिडकीतून मागे बघत होते.

"माझ्यापायी लोकांची केवढी तंगडतोड!"

"तुमच्यापायी कशाला? गावासाठी चाललंय," म्हटलं. खोटं बोलले.

११ नोव्हेंबर

जाऊबाईंचे गुडघे सुजलेत. पाळी बदलून मागायला आल्या. नाही दिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुतारकाका फाट्याहून परतताना कालव्याच्या कडेला पडले. खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक. चौघांनी उचलून घरी आणलं. आम्ही शहरातून परतलो तेव्हा कळलं — तोवर दिवसभर खाटेवर कण्हत पडलेले. आता उद्या सकाळच्या गाडीनेच दवाखान्यात. त्यांची सून माझ्याकडे बघेना.

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? काका आणि सोबत जाणारे दोघं, उद्या तीन माणसं आपसूक वाढली! लाज वाटली. अजून वाटतेय.

१६ नोव्हेंबर

बारा. काठावर पास. न्हाव्याला ताप होता, तरी आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संपली मोजणी! एकही दिवस बाराच्या खाली नाही. गिरणीवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. जाऊबाई पाय शेकत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आता महिनाभर मला गाडीचं नाव सांगू नका." हे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, वर आणखी भात मागितला. मला रडूच आलं. पदराला हात पुसायच्या निमित्तानं आत गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र आलं.

"सदर थांब्यावरून दररोज सरासरी चौदा प्रवासी जाताना आढळले. परत येणारे जवळपास कोणीच नाहीत. यावरून ग्रामस्थ गाव सोडून जात असून गाव लवकरच निर्मनुष्य होईल, असे दिसते. सबब एक तारखेपासून गाडी बंद करण्यात येत आहे."

चारदा वाचलं. चूक माझी. माझ्या एकटीची. गिरणीवाला दारापर्यंत येऊन परत गेला. पत्र मी डब्याखाली सरकवलं. एक तारीख सोमवारीच आहे.

यांनी आतून विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं गं?"

"नेहमीच्या वेळी," म्हटलं.