माझं णाव

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण तुमच्या वर्गातला माझा पहिला दिवस कालच्यासारखा आठवतो. मी उभी राहून म्हणाले, "माझं णाव..." आणि पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही, इतका वर्ग हसत होता. ऐंशीच्या सुमाराच्या वाशीत, नव्या इमारतींतून आलेली ती मुलं, आणि मी शेजारच्या पावणे गावातली. आमच्या घरच्या आगरी बोलीत 'ण' नव्हताच. पाणी ते पानी, कोण तो कोन. शुद्ध बोलायचं म्हणून मी दिसेल त्या 'न'चा 'ण' करून आले होते. पुढे कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही.

मग तुम्ही निबंध दिलात, 'मी भाषा शिकते'. म्हटलं, हसणारच आहेत, तर मीच हसवते. मण, वण, णाक, सगळं लिहिलं. भरात आईलाही ओढलं, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती साहेबांना "पानी हाय" कसं म्हणते ते. मधल्या सुट्टीत तुम्ही मला जवळ बसवलंत. "तुझ्या णाकाला मी पोट धरून हसले," तुम्ही म्हणालात. "चुकलीस तू आणि सांगतेस तू, म्हणून मजा येते. पण आई कुठे चुकली? ती तर तिच्या भाषेत बोलते." मला राग आला. तरी घरी जाऊन त्या ओळी खोडल्या, आणि एकदम मोकळं वाटलं.

स्नेहसंमेलनात मी तो निबंध वाचला. आई कामावरून तशीच आली होती. 'णाक' आलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. पण हसून झाल्यावर मुलं गप्प बसली, पुढचं ऐकायला. आता माझे लेख छापून येतात, आणि पाठवण्याआधी मी अजून बघते, यात चुकलंय कोण. मीच असले तर पाठवते.

त्या दिवशी कार्यक्रमानंतर तुम्ही आईशी आमच्या बोलीत बोललात. "तुमी बसा हाय, मी चहा आनते हाय." आई गंभीर चेहऱ्यानं "बरा, बरा" म्हणाली. गावाच्या वाटेवर मात्र आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. "शिकतील बाई," आई डोळे पुसत म्हणाली, "जीव हाय त्यांचा."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुमची आगरी किती वाईट होती, ते तुम्हाला कळू नये असंच मला अजून वाटतं.