धर्मराज पितोय तोवर

१४ एप्रिल १९५७, रविवार. सकाळी सव्वासहा.
ओसरीवर बसून पाटीच्या पेन्सिलीला टोक करतो आहे. काल डझनभर नव्या आणल्या. आमची चौथी निजामाच्या राज्यात उर्दूत झाली, त्यामुळे मराठी रोज पाटीवर घटवावी लागते. जानेवारीत तलाठ्याच्या जागेची परीक्षा आहे. (पटवारी म्हणायचं नाही आता.) पास झालो की गोपीकिशन शेठच्या अडत दुकानातली मुनिमी सुटली.

तोवर दुसरं मूल नको. निश्चय आज पक्का केला. धर्मराज सोळा महिन्यांचा आहे. त्याच्या वेळी नंदाला दोन दिवस कळा होत्या. मी अखेरपर्यंत दाराशी खंबीर उभा होतो. तसा त्रास तिला इतक्या लवकर पुन्हा नको.

बंदोबस्त सोपा आहे. दुकानातला मापाडी रखमाजी, तीन लेकरांचा बाप, म्हणजे अनुभवी माणूस. तो म्हणाला, लेकरू अंगावर पेतंय तोवर बाईला दिवस जात न्हाईत. म्हणजे धर्मराजने तीन वर्षांचा होईपर्यंत प्यायचं, बस. रखमाजीने दुसराही उपाय सांगितला, मी ओसरीवर झोपण्याचा. पण ओसरीवर ढेकूण आहेत.

नंदाला सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. बराबर, म्हणाली. समजूतदार बायको मिळाली हे माझं नशीब.

२१ एप्रिल, रविवार
दूध वाढावं म्हणून अळीव, खोबरं आणि डिंक आणला. आई म्हणाली, मच्छिंद्रा, ह्या उन्हात डिंक चारून सुनेला भाजून काढतो का? मी शांतपणे म्हणालो, प्लॅन आहे. आई म्हणाली, तुझ्या बापाचे बी प्लॅनच होते.

धर्मराजच्या पिण्याचं टाइमटेबल केलं. सुंदर अक्षरात लिहून, खळ लावून, भिंतीवर चिकटवलं. संध्याकाळी त्याने खालची अर्धी बाजू खाल्ली. खळीमुळे असेल.

आजपासून ओसरीवर झोपायचंही ठरवलं होतं. वारा सुटला, म्हणून आतच झोपलो.

५ मे, रविवार
दुकानात दोन हमालांना हा उपाय सांगितला. दोघांनी मनावर घेतलं. शेठ गादीवरून ऐकत होते. म्हणाले, मुनीमजी, सगळी दुनिया तुमच्या भरवशावर चालली तर सुईणी उपाशी मरतील. शेठ सहसा कुणाची तारीफ करत नाहीत.

२६ मे, रविवार
नंदाला पित्त झालंय. सकाळी उठली की मोरीकडे धावते. कारण उघड आहे: आईचं तिखट. आईला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून आत गेली. तिला वाईट वाटलं असावं. पण खरं बोललं पाहिजे.

धर्मराज पिताना तोंड फिरवतो. घटकाभर ओढतो, मग रडतो, मग मला मारतो. मला का ते कळत नाही. त्याला मांडीवर घेऊन समजावलं की घराचं पुढचं सगळं तुझ्यावर आहे. त्याने नीट ऐकून घेतलं आणि माझं धोतर ओलं केलं.

पाटीच्या पेन्सिली कमी होत आहेत. डझनातल्या तीन उरल्या. धर्मराजवर नजर ठेवायची.

९ जून, रविवार
पुन्हा अळीव आणले. आईने पुडी हातातून घेऊन वरच्या फडताळात ठेवली. म्हणाली, आत्ता बिलकुल न्हाई द्यायचे. ऱ्हाऊ दे, हिवाळ्यात लागतीलच. आई काटकसरी आहे, पण ही काटकसर उलटी आहे. दूध आज पाहिजे, हिवाळ्यात घेऊन काय करू?

नंदा दुपारी झोपते. पूर्वी झोपत नसे. आंबट मागते आईजवळ, माझ्याजवळ नाही. उन्हाळा लांबला की असं होतं.

१९ जून, बुधवार
रखमाजीला चौथं झालं. मुलगा. मी थक्क झालो, कारण तिसरी पोरगी अजून अंगावर पिते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसं विचारलं. रखमाजी हसत म्हणाला, दोघंबी पेतेत आता, एक इकडं, एक तिकडं, मला तर घरात कुणी पुसंना.

दोन्ही हमाल माझ्याकडे बघत होते. मी त्यांना समजावलं की हा अपवाद आहे. रखमाजीच्या घरात टाइमटेबल नव्हतं.

३० जून, रविवार
शेजारच्या तुळजाबाईच्या अंगणात धर्मराज सापडला. शेळीजवळ. मिशीसारखं दूध लागलेलं, हातात वाटी. तुळजाबाई म्हणाली, घाबरू नका मुनीमजी, रोजचंच हाय. मी विचारलं, रोजचं म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे रोजचं.

नंदाला जाब विचारला. म्हणाली, पेतो की माझ्याजवळ बी, तुम्ही दुकानात असता तवा. माझी खात्री पटली. तुळजाबाईला एकटीला करमत नाही, म्हणून लेकरू नेते. माणुसकी म्हणून चालवून घ्यावं.

पेन्सिलींचा दुसरा डझन आणला. दप्तर उंच खुंटीला टांगलं. धर्मराजचा हात पोचत नाही.

७ जुलै, रविवार
एकही पेन्सिल नाही. धर्मराज चढतो कसा?

१२ जुलै, शुक्रवार
आईने सकाळी नारळ, खण, गहू आणि पाच फळं आणायला सांगितली. कशाला विचारलं तर म्हणाली, ओटी भरायची. देवीची का, विचारलं. आई म्हणाली, देवीचीच समज. नारळ मी स्वतः हलवून, पाणी ऐकून निवडला. खण हिरवा घेतला. दुकानदाराने पैसे कमी केले नाहीत.

मग आई म्हणाली, दिवेलागणीपातूर घरी येऊ नको, बायकांचं काम हाय. मारुतीच्या पारावर बसून जमीन महसुलाचं प्रकरण वाचलं. पेन्सिल नसल्यामुळे बोटाने गिरवलं.

परत आलो तर पाच बायका बाहेर पडत होत्या. मला बघून एकदम गप्प झाल्या, आणि वळणावर गेल्यावर हसल्या. घरात देवीची ओटी नंदाच्या पदरात होती. माझाच नारळ. मी म्हणालो, देवीला का नाही वाहिला? आई म्हणाली, देवीनं परत दिला.

नंदा खण बघत होती. म्हणाली, रंग चांगला आणलात. निवड माझीच, मी म्हणालो.

१३ जुलै, शनिवार
आजचं क्रमाने लिहितो.

दुकानात पोती मापताना रखमाजीने विचारलं, मुनीमजी, पेढे कधी? मी म्हणालो, कशाचे? त्याने काटा थांबवला. हमाल थांबले. शेठनी वही मिटली. रखमाजी म्हणाला, आता काय लपवता, काल चोरओटी झाली ना तुमच्या घरी, माझ्या घरची आल्ती की. तिसरा महिना चाललाय.

चोरओटी चोरून भरतात हे मला माहीत आहे. पण चोरून म्हणजे जगापासून. नवऱ्यापासून, आणि नवऱ्याच्याच नारळाने, असं कुठेही ऐकलं नव्हतं.

मी रखमाजीला म्हणालो, तुम्हीच सांगितलं होतं ना, लेकरू पितंय तोवर काही होत नाही? रखमाजी म्हणाला, म्या सांगितलं तवा मला तीनच होती.

त्यावर एक हमाल पोत्यावर बसला आणि हिशेब करू लागला. त्याच्या घरी काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, तुळजाबाईला, शेठना. तुळजाबाईच्या शेळीलाही असावं. आणि धर्मराज, ज्याच्यावर मी सगळी भिस्त ठेवली, तो महिन्याभरापासून पीतच नव्हता. दूध आटलं, चव फिरली, त्याला सगळ्यांत आधी कळलं. त्यानेही सांगितलं नाही.

१४ जुलै, रविवार. दुपार.
नंदाशी बोललो. अगदी शांतपणे. म्हणालो, तू मला फसवलंस. ती डाळ निवडत होती. म्हणाली, फसवलं न्हाई, सांगितलं न्हाई. मी म्हणालो, का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगून काय केलं असतं तुम्ही? धर्माच्या वक्ताला तुम्ही दारात आडवे पडलात. सुईण माझ्याजवळून उठली अन् तुमच्या तोंडावर पाणी मारत बसली. मी आतून वरडून राह्यले, अन् ती बाहेर तुम्हाला कांदा हुंगवून राह्यली. ह्या वक्ताला म्हणलं, जितक्या उशिरा कळंल तितकं बरं.

आई आतून म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुझीच ओटी भरावी लागली असती.

दाराशी मी उभा होतो, एवढं मला पक्कं आठवतं. पडल्याचं आठवत नाही. पण पडलेल्याला ते आठवायचं कसं, हाही प्रश्न आहे. कांद्याचा वास मला आजही सहन होत नाही, त्याचं कारण कधी शोधलं नव्हतं.

मी म्हणालो, मला तुझीच काळजी होती. ती म्हणाली, ठाऊक हाय, म्हणून तर बराबर म्हणत गेले. पण मला लेकरू पाहिजे का न्हाई, हे तुम्ही रखमाजीला पुसलं, हमालाला पुसलं, मला पुसलं न्हाई. मग तिने डाळीतून मान न उचलता सांगितलं की तिलाही भीती वाटते. रोज पहाटे वाटते. ह्या खेपेला सुईण उठून गेली नाही पाहिजे, एवढंच तिचं मागणं आहे.

मी म्हणालो, मी पडणार नाही. ती म्हणाली, पडा, पण ओसरीवर पडा.

सुईण म्हणते, जानेवारी. म्हणजे परीक्षेचाच महिना. तारीख कळल्यावर बघू.

पेन्सिलींचंही विचारलं. तिने पदराच्या गाठीतून अर्धी काढून दाखवली. म्हणाली, मातीचा वास लई गोड लागतो. उरलेली मला देऊ केली. मी घेतली नाही.

हिशेब, एप्रिलपासून:
अळीव, खोबरं, डिंक (दोनदा): २ रु. ५० नवे पैसे. निम्मं फडताळात, हिवाळ्यासाठी.
नारळ, खण, गहू, फळं: १ रु. ७५.
पाटीच्या पेन्सिली, दोन डझन: २५ नवे पैसे. खाल्ल्या.
एकूण खर्च: ४ रु. ५०.

देणं:
तुळजाबाई, शेळीचं दूध: अंदाजे ५ रु. ती घेणार नाही म्हणते, तरी लिहून ठेवतो.
रखमाजी: पेढे पाव शेर.
ओसरीसाठी ढेकणाचं औषध: अजून आणायचं आहे.
पेन्सिली, एक डझन. सहा परीक्षेला, सहा तिला.
चिंच, अर्धा शेर. आज आणायची. माझ्याजवळ मागितली.