बर्फातली शेवंती

भोसरी, डिसेंबर १९७४

इनायत बेटा,

तुझ्या अम्मीची दुआ. दर वेळी तुझी बायको कनीज लिहिते. आज ती नळावर गेल्यावर शेजारच्या विमलबाईंना बसवलंय, म्हणून कागद मराठीत.

जर्मनीहून पाठवलेला रंगीत फोटो पोचला. "सगळी बाग बर्फानं करपली, माझी शेवंती तेवढी फुलतेय," असं लिहिलंस. तुझी? घरच्या डालड्याच्या डब्यातल्या शेवंतीला तू उभ्या जन्मात तांब्याभर पाणी घातलं न्हाईस. तिकडची शेवंती काठीला बांधलीय, लाल रेशमी रिबिनीनं. तुला वेण्या कधीपासून आल्या रे? मला अक्षर येत न्हाई, पण फोटो दिसतो.

कनीजला मी काही बोलले न्हाई. तिनं तुझ्या लेकीला फोटो दाखवला, "अब्बांची फुलं बघ" म्हणाली, आणि आरशाला खोचून ठेवला.

काल सकाळी बघते तर आपल्या डब्यातल्या शेवंतीलाही काठी लावलेली. वर कनीजच्या वेणीतली रिबीन बांधलेली.

"अम्मी, वारा फार हाय," एवढंच म्हणाली. केस मोकळेच होते.

विमलबाई, हे टपालात टाकू नका. उद्या कनीजच लिहील, सगळे खुशाल म्हणून.

तुझी अम्मी,
ताजुन्निसा